कोलसेमिड का घालतात, हे आधी समजून घ्या

ठाण्यात बीएस्सीला होते तेव्हा प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज, टेलोफेज सगळं तोंडपाठ, त्यामुळे मला वाटायचं आपल्याला मायटोसिस, म्हणजे पेशीविभाजन, येतं. कांद्याच्या मुळाची स्लाइड केली तर मेटाफेज औषधालाही नाही! मॅडम म्हणाल्या, अगं तू मूळ फार वरून कापतेयस, पेशींचं विभाजन टोकाच्या एकदोन मिलिमीटरमध्येच चालतं.

पुढे नवी मुंबईत कॅरिओटायपिंगच्या (पेशीतले क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, मोजून तपासायच्या) एका लॅबमध्ये इंटरव्ह्यू. पहिलाच प्रश्न, पेशींच्या कल्चरमध्ये कोलसेमिड हे रसायन का घालतात? म्हटलं, पेशी थांबवायला. "पण का थांबते?" माझं ततपप.

तर तुम्ही या कामाला येणार असाल तर एवढं पक्कं करून या. विभाजनाच्या वेळी प्रत्येक क्रोमोसोम म्हणजे चिकटलेल्या दोन प्रतींची जोडी, तिच्या सांध्यावर, म्हणजे सेंट्रोमिअरवर, दोन कायनेटोकोर (धागे धरायच्या जागा) असतात, त्यांना दोन बाजूंनी मायक्रोट्युब्यूलचे धागे येऊन पकडतात. एक जरी मोकळा राहिला तरी तो 'थांबा, थांबा' असा सिग्नल देत बसतो, सगळे पकडले गेले की मगच सेपरेज नावाचं एन्झाइम जोडीला बांधून ठेवणारं कोहेसिन कापतं आणि जोड्या सुटतात. कोलसेमिड धागेच बनू देत नाही, म्हणजे सिग्नल चालूच, पेशी तिथेच अडकते, क्रोमोसोम मात्र आखडत जातात. म्हणून जास्त वेळ ठेवलं तर नुसते ठोंबे होतात, बँड (क्रोमोसोम ओळखायचे आडवे पट्टे) दिसत नाहीत. मी केलंय हे, ७२ तास वाढवलेलं कल्चर वाया, पेशंटला परत रक्त द्यायला बोलवावं लागलं, सिनियरची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मग पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या, त्याने क्रोमोसोम सुटे होतात. आधी ही युक्ती नव्हती, सगळा गुंताच दिसायचा, १९५६ मध्ये त्यियो आणि लेव्हान या शास्त्रज्ञांनी ४६ दाखवेपर्यंत माणसाचे क्रोमोसोम ४८ धरून चालले होते लोक! पण फार फुगली तर पेशी फुटते आणि एखादा क्रोमोसोम निसटतो, तेव्हा एका पेशीत ४५ दिसले की लगेच टर्नर टर्नर (एक एक्स क्रोमोसोम कमी असण्याचा सिंड्रोम) करू नका. साधारण २० पेशी बघतात ते उगाच नाही.

आणि जूनमध्ये जॉइन होणार असाल तर तयारीत राहा. आपल्याकडच्या दमट हवेत स्लाइड हळू वाळते, क्रोमोसोम नको तितके पसरतात, डिसेंबरात बसलेला हात पावसाळ्यात बिघडतो. आमची सिनियर आधी भिंतीवरचं ह्युमिडिटी मीटर बघते, मग पिपेट उचलते.