बाहेरून व्हेपचं सामान मागवताय? आधी कस्टमचं बघा, मग ऑर्डर टाका

पार्सल कस्टममध्ये अडकलं की लोक दर तासाला ट्रॅकिंग बघत बसतात, पण खरं सांगायचं तर तेव्हा आपल्या हातात फारसं काही उरलेलंच नसतं. सुटणार की अडकणार हे बरंचसं ऑर्डर टाकण्याआधीच ठरलेलं असतं: वस्तू तुमच्या देशात चालते का, बॅटरी कशी पॅक केलीये, कागदावर काय लिहिलंय आणि टॅक्स कोण भरणार. म्हणून हे सगळं आधी वाचा.

पहिला प्रश्न म्हणजे मुळात आणायला परवानगी आहे का. पत्ता भारतातला असेल तर विषय इथेच संपला. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची (म्हणजे व्हेपची) आयात, विक्री, वाहतूक, साठवण सगळंच बंद आहे, आणि "निकोटिन नाहीये हो, नुसता फ्लेवर आहे" किंवा "अख्खं डिव्हाइस नाही, फक्त पार्ट मागवलाय" असं म्हणून सुटका होत नाही कारण कायद्यात निकोटिन असलेलं-नसलेलं दोन्ही आलंय आणि सुटे भागही आलेत. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सिंगापूरमध्ये तर २०१८ पासून नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे. हाँगकाँगने ३० एप्रिल २०२२ पासून आयात बंद केली, ऑस्ट्रेलियात १ मार्च २०२४ पासून लायसन्स-परमिटशिवाय व्हेप आणता येत नाही. अशा ठिकाणी कस्टममधून पार्सल "कसं काढायचं" याचा सल्ला कोणी देत असेल तर त्याच्या नादी लागू नका, पकडलं गेलं तर पत्ता तुमचा असतो, सल्ला देणाऱ्याचा नाही.

आणि हो, वेबसाइटने तुमचा देश लिस्टमध्ये ठेवलाय याचा अर्थ तिथे ते चालतं असा अजिबात नाही. दुकानदाराला माल विकायचाय, नियम बघणं त्याने तुमच्यावर सोडलेलं असतं. आपल्या देशाच्या कस्टमच्या साइटवर जाऊन प्रतिबंधित वस्तूंची यादी स्वतः उघडा आणि आरोग्य खात्याचं पानही बघा कारण व्हेपचे नियम बऱ्याचदा तिथे असतात.

आता जिथे चालतं तिथेही "चालतं" म्हणजे वाट्टेल ते चालतं असं नाही. युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये निकोटिनचं लिक्विड २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर विकता येत नाही, रिफिलची बाटली जास्तीत जास्त १० मिलिलिटर, टँक (डिव्हाइसमधली लिक्विडची टाकी) २ मिलिलिटर. म्हणजे दुसऱ्या मार्केटसाठी बनवलेला ५० मिलिग्रॅमचा सॉल्ट ज्यूस (निकोटिन सॉल्टचं लिक्विड) तिकडे स्वस्त दिसला तरी तो या हिशोबात बसत नाही. शिवाय युरोपातल्या देशांना परदेशातून ग्राहकाला थेट विकणं बंद करायची मुभा आहे आणि काहींनी ते केलंय, त्यामुळे दुकानातून घेतलेलं कायदेशीर आणि तीच वस्तू बाहेरून ऑनलाइन मागवली तर नाही असंही होऊ शकतं. अमेरिकेत गोची पोस्टाची आहे. ऑक्टोबर २०२१ पासून यूएसपीएसमधून, म्हणजे तिथल्या सरकारी पोस्टातून, सर्वसामान्य ग्राहकाला व्हेपचं काहीही पाठवता येत नाही, त्यात टँक, कॉइल (लिक्विड तापवणारी तार), निकोटिन नसलेलं लिक्विड हेसुद्धा आलं. तेव्हा ऑर्डरच्या आधी विक्रेत्याला सरळ विचारा की नेमकं कुणामार्फत पाठवणार. उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या.

बॅटरीबद्दल थोडं सविस्तर बोलू कारण नव्या माणसाला हे माहीतच नसतं आणि पार्सल कस्टमपर्यंत पोचायच्या आधी विमानाच्या पायरीवरच अडकतं. डिव्हाइसच्या आत किंवा डिव्हाइससोबत आलेली लिथियम-आयन बॅटरी यूएन ३४८१ (धोकादायक मालाच्या वाहतुकीचा नंबर) मध्ये मोडते आणि सुटी बॅटरी यूएन ३४८० मध्ये. हे आकडे नुसते स्टिकर नाहीत, सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचं कार्गो एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात नेताच येत नाही, मालवाहू विमानातून जातात आणि तेही चार्ज ३० टक्क्यांच्या वर नसेल तर. बरीच पोस्टखाती सुट्या बॅटऱ्या घेतच नाहीत. म्हणून माझं मत असं की बाहेरून मॉड (बॅटरी बसवायचं मुख्य डिव्हाइस) मागवायचा असेल तर बिनाबॅटरीचा मागवा आणि १८६५० सेल (त्यात बसणारी सुटी गोल बॅटरी) जिथे राहता तिथेच भरवशाच्या दुकानातून घ्या. पार्सल लवकर येतं, आणि नकली सेल गळ्यात पडायची शक्यताही कमी. बॅटरी आतच बसवलेली असेल, पॉडसारख्या छोट्या व्हेपमध्ये असते तशी, तर विक्रेत्याकडे यूएन ३८.३ टेस्टचा (बॅटरीच्या सुरक्षिततेचा) कागद आहे का विचारून ठेवा, कुरिअर कंपनी तो मागू शकते.

मग कागद. पोस्टाने आलेल्या पार्सलवर सीएन २२ किंवा मोठ्या किमतीला सीएन २३ नावाचा फॉर्म असतो, कुरिअरने आलं तर कमर्शियल इनव्हॉइस. कस्टमचा माणूस आधी हेच वाचतो. त्यावर "अॅक्सेसरीज" किंवा "इलेक्ट्रॉनिक आयटम" एवढंच लिहिलं असेल तर त्याला काही कळत नाही, आणि कळलं नाही की तो बॉक्स उघडतो. त्याऐवजी "इलेक्ट्रॉनिक सिगारेट डिव्हाइस, रिकामं, बॅटरीशिवाय, १ नग" असं स्पष्ट हवं, पुढे किंमत, बनवलेला देश आणि एचएस कोड (कस्टमचा वस्तू ओळखायचा नंबर). २०२२ पासून डिव्हाइसला स्वतंत्र कोड आहे, ८५४३.४०, आणि निकोटिनच्या लिक्विडला २४०४.१२. एकाच बॉक्समध्ये दोन्ही असेल तर दोन वेगळ्या ओळी पाहिजेत कारण दोघांची ड्युटी वेगळी असू शकते, लिक्विडवर तर बऱ्याच ठिकाणी मिलिलिटरच्या हिशोबाने वेगळा एक्साइज पण लागतो. शक्य असेल तर हार्डवेअर आणि ज्यूस वेगवेगळे मागवा, एकामुळे दुसरं अडकत नाही.

"गिफ्ट लिहा", "किंमत कमी टाका" असं विक्रेत्याला सांगणारे बरेच असतात आणि काही विक्रेते न सांगताच तसं करतात. करू नका, आणि करू नका असं ऑर्डरच्या नोटमध्ये लिहून द्या. खोटं डिक्लेरेशन म्हणजे दंड किंवा जप्ती, शिवाय पार्सल हरवलं तर इन्शुरन्स मिळणार त्या खोट्या किमतीवर. कस्टमवाले पेमेंटची पावती मागतात आणि मग कार्ड स्टेटमेंटवरचा आकडा आणि बॉक्सवरचा आकडा जुळत नाही, तिथे काय बोलणार?

टॅक्सचा हिशोब साधा आहे पण लोक तो चुकीच्या आकड्यावर करतात. बहुतेक देशांत फक्त वस्तूच्या किमतीवर नाही, शिपिंग आणि इन्शुरन्स धरून ड्युटी लागते आणि मग ड्युटीसकट बेरजेवर व्हॅट. समजा वस्तू १०० ची, शिपिंग २०, ड्युटी ५ टक्के, व्हॅट २० टक्के. १२० वर ड्युटी ६, मग १२६ वर व्हॅट २५.२०, म्हणजे १०० ची वस्तू १५१.२० ला पडली, वर कुरिअरवाल्याची हँडलिंग फी वेगळी. छोट्या ऑर्डरमध्ये ही फीच टॅक्सपेक्षा जास्त होते. "छोटं पार्सल आहे, टॅक्स नाही लागणार" हे जुने सल्ले पण आता तपासून घ्या, युरोपियन युनियनने २२ युरोची व्हॅटची सूट जुलै २०२१ मध्येच काढली आणि अमेरिकेने ८०० डॉलरची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद केली. चेकआउटवर डीडीपी दिसलं तर टॅक्स विक्रेता भरणार, डीडीयू किंवा डीएपी असेल तर दारात तुम्ही.

एवढं करूनही अडकलं तर? पोस्टाचा ट्रॅकिंग नंबर १३ अक्षरांचा असतो, शेवटची दोन अक्षरं पाठवणाऱ्या देशाची, तो नंबर आपल्या पोस्टाच्या साइटवर टाका कारण पुढची खरी माहिती तिथे असते. "कस्टमकडे सादर" असं दिसतंय तोवर काही करायची गरज नाही. कागद मागितले तर इनव्हॉइस, पेमेंटची पावती आणि प्रॉडक्ट पेजचा स्क्रीनशॉट एकदमच पाठवा, एकेक करून पाठवलं की प्रत्येक वेळी रांगेत मागे. जप्तीचं पत्र आलं तर त्यावरची मुदत आधी बघा, ब्रिटनमध्ये आक्षेप घ्यायला एकच महिना मिळतो. आणि वस्तू खरंच बंदी असलेली असेल तर आक्षेप घेऊन उपयोग नाही, रिफंडचं विक्रेत्याशी बोला, त्याची "कस्टममध्ये जप्त झाल्यास" वाली अट ऑर्डरच्या आधीच वाचून ठेवलेली बरी, बऱ्याच जणांनी त्यात हात वर केलेले असतात.

या सगळ्यात "तुमचं पार्सल अडकलंय, फी भरा" असा एसएमएस लिंकसकट आला तर लिंक दाबू नका. कुरिअरची साइट स्वतः टाइप करून उघडा, नंबर टाका, फी खरी असेल तर तिथेही दिसेल.