डॉक्सोरुबिसिन आणि उंदराच्या हृदयपेशी: या चुका टाळा

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध हृदयाला इजा करतं, आणि ती इजा उंदराच्या हृदयातून सुट्या काढलेल्या पेशींवर तपासतात. आखडून गोल झालेली, कॅल्शियमने भरलेली पेशी दोन कारणांनी मिळते: औषधाने बिघडवली म्हणून, किंवा काढणाऱ्याने बिघडवली म्हणून. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्याच दिसतात. त्यामुळे औषध न दिलेल्या उंदराच्या हृदयातून किमान ७० टक्के लांबट, पट्टेदार रॉड पेशी नियमित मिळत नसतील, तर डॉक्सोरुबिसिनची बाटली उघडूच नये. तरी ती उघडली जाते, कारण लॅब मीटिंग जवळ आलेली असते.

सुरुवात कॅन्युलापासून, म्हणजे हृदयात द्रावण सोडणाऱ्या बारीक नळीपासून. हृदय काढल्यापासून परफ्यूजन (रक्तवाहिन्यांतून द्रावण सोडणं) सुरू होईपर्यंत दीड-दोन मिनिटांच्या वर वेळ गेला की पुढची मेहनत बहुतेक वाया जाते. रक्त गोठू न देणारं हेपरिन दहा-पंधरा मिनिटं आधी पोटात दिलेलं हवं, नाहीतर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि हृदयाचा एखादा भाग लालच राहतो. कॅन्युलाचं टोक महाधमनीत झडपेच्या वर थांबलं पाहिजे. ते झडपेतून आत गेलं तर बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) डाव्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) भरतो, कोरोनरी वाहिन्यांत जातच नाही, हृदय फुगतं आणि नवशिका म्हणतो, "फ्लो तर छान आहे!" नळीतले बुडबुडे आधी काढा. तापमान पाण्याच्या टाकीत मोजू नका, कॅन्युलाच्या टोकाशी पडणाऱ्या थेंबाचं मोजा. तिथे ३७ अंश हवेत, त्यासाठी टाकी बहुधा दोन-चार अंश वर ठेवावी लागते. पीएचही ३७ अंशांवर जुळवा: हेपीस या बफर-रसायनाचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०१४ ने उतरतो, म्हणजे २५ अंशांवर ७.४ केलेला बफर हृदयात ७.२३ च्या आसपास जातो.

लँगेनडॉर्फची मांडणी (हृदय कॅन्युलावर टांगून त्यातून द्रावण सोडायची) नसेल तर अडून बसायचं कारण नाही. २०१६ पासून पंप आणि कॅन्युलाशिवायची पद्धत उपलब्ध आहे: आधी उजव्या जवनिकेत ईडीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) बफर, मग महाधमनीला चिमटा, मग डाव्या जवनिकेत सुईने ईडीटीए, परफ्यूजन बफर आणि शेवटी एन्झाइम. हा शॉर्टकट मान्य आहे. पुढे येणारे बहुतेक शॉर्टकट मान्य नाहीत.

कोलॅजिनेजचा लॉट

कोलॅजिनेज म्हणजे पेशींभोवतीचं कोलॅजेनचं जाळं पचवून त्यांना सुटं करणारं एन्झाइम. बाटलीवर "टाइप २" एवढंच वाचून मिलिग्रॅममध्ये वजन करणारे लोक अजून भेटतात. प्रत्येक लॉटची क्रियाशीलता वेगळी असते आणि त्यासोबत येणारे इतर प्रोटिएजही (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) वेगळे. हिशोब युनिटमध्ये करा. तीन-चार लॉटचे नमुने मागवा, प्रत्येकावर दोन-तीन हृदयं चालवा, जो जमेल तो वर्षभराचा राखून ठेवा, आणि लॉट क्रमांक पेशींच्या प्रत्येक नोंदीवर लिहा. फ्रिजमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. आत ओलावा गेला की पावडरचा जोर कमी होत जातो. कोलॅजिनेजला काम करायला थोडं कॅल्शियम लागतं, म्हणून एन्झाइम बफरमध्ये १२.५ ते ५० मायक्रोमोलर ठेवतात. "कॅल्शियम-फ्री" हा शब्द अक्षरशः घेऊन एन्झाइमच्या टप्प्यातही शून्य ठेवलं की पचन रेंगाळतं आणि मग लोक एन्झाइम दुप्पट करतात.

पचन घड्याळावर थांबवू नका. हृदय फिकट आणि ढिलं पडतं, थेंब भरभर पडू लागतात, आणि चिमट्याने हलकं दाबलं की मळलेल्या कणकेसारखा ठसा तसाच राहतो. तिथे थांबा. साधारण ८ ते १२ मिनिटं लागतात, पण डॉक्सोरुबिसिन दिलेल्या उंदराचं हृदय लहान आणि पातळ झालेलं असतं, ते लवकर पचतं. दोन्ही गटांना "बरोबर दहा मिनिटं" देणं दिसायला निःपक्ष असलं, तरी त्यात औषधाच्या गटावरच अन्याय होतो.

कॅल्शियम परत देण्याची घाई

सगळ्यात जास्त पेशी इथे मरतात, आणि निव्वळ अधीरपणामुळे. कॅल्शियमशिवाय राहिलेल्या हृदयाला एकदम नेहमीचं कॅल्शियम दिलं तर पेशी ते अनिर्बंध आत घेतात, कायमच्या आखडतात आणि फुटतात. याला कॅल्शियम पॅराडॉक्स म्हणतात आणि त्याचं वर्णन १९६६ पासून उपलब्ध आहे. तरीही "एक मिलिमोलरच्या माध्यमात थेट टाकल्या तर काय होतं?" हा प्रश्न दर बॅचमध्ये येतो. तेच होतं.

पचन थांबवणाऱ्या १० मिलि स्टॉप बफरमध्ये (१२.५ मायक्रोमोलर कॅल्शियम, ५ ते १० टक्के सीरम) पेशी असतील तर १० मिलिमोलरच्या साठ्यातून ५०, पुन्हा ५०, मग १०० मायक्रोलिटर, त्यानंतर १०० मिलिमोलरच्या साठ्यातून ३० आणि शेवटी ५० मायक्रोलिटर. पायऱ्या साधारण ६२, ११२, २१२, ५०० आणि १००० मायक्रोमोलर होतात. दर पायरीला चार मिनिटं. थेंब टाकल्यावर नळी हळू कलंडवायची, व्होर्टेक्स मिक्सरला हात लावायचा नाही. पिपेटचं टोक कापून रुंद करा: पेशी शंभर मायक्रोमीटरहून लांब असते, अरुंद टोकातून ओढली की तुटते. खाली बसवायला गुरुत्वाकर्षण पुरतं, दहा-पंधरा मिनिटं. घाई असेल तर सेंट्रिफ्यूजमध्ये २० जी वर तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही.

आता खरी मेख. डॉक्सोरुबिसिनने आधीच अधू झालेल्या पेशी याच पायऱ्यांवर गळतात. शेवटी थाळीत उरतात त्या वाचलेल्या, धडधाकट पेशी, आणि त्यांच्यावर मोजमाप करून "औषधाचा परिणाम किरकोळ" असा निष्कर्ष निघतो. म्हणून पचनानंतर आणि प्रत्येक पायरीनंतर दहा मायक्रोलिटर काढून रॉड आणि गोल पेशी मोजायच्या. हे आकडे निकालाचा भाग आहेत, परिशिष्ट नाहीत. दोन्ही गटांची हृदयं एकाच दिवशी, क्रम आलटून-पालटून घ्या. कंट्रोल नेहमी सकाळी आणि औषधाचा उंदीर नेहमी जेवणानंतर, असं नको.

औषधाचा स्वतःचा रंग

डॉक्सोरुबिसिन स्वतःच चमकतं (फ्लुरोसन्स). सुमारे ४८० नॅनोमीटरला उद्दीपन, ५९० च्या आसपास उत्सर्जन. म्हणजे डीएचई आणि मायटोसॉक्स (ऑक्सिडेटिव्ह ताण दाखवणारे), टीएमआरएम (मायटोकॉन्ड्रियाचा विद्युतभार दाखवणारा), प्रोपिडियम आयोडाइड (मेलेल्या पेशी रंगवणारा) हे सगळे डाय त्याच खिडकीत येतात.

एका प्रयोगशाळेत मायटोसॉक्सची चित्रं महिनोन्महिने साठत होती. डोस वाढेल तसा लाल रंग वाढे. आलेख इतका सरळ की संशय यायला हवा होता. अँटिऑक्सिडंट घातला तरी रेषा जागची हलेना, तेव्हा त्यातून "वेगळीच यंत्रणा" सुचवणारं पोस्टरही तयार झालं. मग कुणीतरी डाय न घातलेल्या, फक्त औषध दिलेल्या वेलचं (थाळीतल्या एका खळग्याचं) चित्र काढलं. तेही तितकंच लाल होतं, आणि रंग मुख्यतः केंद्रकात, जिथे डॉक्सोरुबिसिन डीएनएला चिकटून बसतं.

उपाय कंटाळवाणा आहे: प्रत्येक डोसला, प्रत्येक वेळेला, डायशिवायची एक वेल. तिची चमक वजा करून भागतंच असं नाही, कारण डीएनएवर औषध आणि डाय एकमेकांच्या जागा अडवतात. नुकसान मोजायला शक्यतो रंगाबाहेरचं काही वापरा, उदाहरणार्थ माध्यमातलं ट्रोपोनिन आय (इजा झालेल्या हृदयपेशीतून बाहेर पडणारं प्रथिन). पेशींतून गळणारं एन्झाइम मोजणारा एलडीएच किटही सुटत नाही: त्यातला रंग, फॉर्मझान, ४९० ला वाचतात आणि औषध तिथेच शोषतं, म्हणून औषध घातलेलं पण पेशी नसलेलं ब्लँक ठेवा. एमटीटी या रंग-चाचणीतली घट म्हणजे मृत्यू असं लिहू नका. प्रौढ पेशी विभागतच नाहीत, मोजली जाते ती चयापचयाची क्रिया.

उरलेलं पटापट. रुग्णालयाच्या १० मिलिग्रॅमच्या कुपीतल्या पावडरमध्ये ५० मिलिग्रॅम लॅक्टोज असतं. ती तोलून मोलर हिशोब केला की डोस सहापटीच्या आसपास चुकतो. मूळ द्रावण पाण्यात करा. फॉस्फेट बफरमध्ये जास्त संहतीला औषध गोळा होतं. ५० मायक्रोमोलर देऊन "विषारी परिणाम आढळला" म्हणण्यात काही शोध नाही, ०.१ ते १ मायक्रोमोलरमध्ये काय होतं ते दाखवा. आकुंचन रोखणारं बीडीएम धुतल्याशिवाय आकुंचन मोजू नका. त्याऐवजी ब्लेबिस्टॅटिन घेत असाल तर निळ्या प्रकाशात ते बिघडतं हे लक्षात ठेवा. थाळीवर लावलेल्या लॅमिनिन या प्रथिनावर पेशींना चिकटायला तास-दोन तास द्या, मगच धुवा. मात्र औषध दिल्यानंतरच्या धुण्यात मेलेल्या पेशी वाहून जातात, तेव्हा तरंगणाऱ्याही मोजा. २४ तासांच्या पुढे टी-ट्यूब्यूल (पेशीच्या आवरणातून आत जाणाऱ्या बारीक नळ्या) विरघळू लागतात, त्यानंतरच्या कॅल्शियम नोंदींवर भरवसा नको. एच९सी२ ही प्रयोगशाळेत वाढवली जाणारी तयार पेशीमालिका सोय आहे, हृदयपेशी नव्हे.

उंदराला पोटात इंजेक्शन देत असाल तर औषधाने आतलं आवरण चिडतं, उंदीर खाणं सोडतो आणि हृदयाचं वजन उपासमारीनेही उतरतं. रोजचं वजन नोंदवा, हृदयाचं वजन शरीराच्या वजनाने नव्हे तर टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) लांबीने भागा, आणि शक्य असेल तिथे सारखंच कमी खाणं दिलेला कंट्रोल गट ठेवा. त्या गटाची मंजुरी प्राणी नैतिकता समितीच्या अर्जात पहिल्याच वेळी मागा. नंतर जोडायची म्हटली तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबावं लागतं.