ज्येष्ठांसोबत पुण्यातील दोन दिवस : सहलीची आखणी

सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना किंवा आत्या-मावशींना दोन दिवसांत पुणे दाखवायचे असेल, तर स्थळांची यादी करण्याआधी प्रत्येक ठिकाणी पायऱ्या किती आहेत, सावलीत बसायला जागा कुठे आहे आणि स्वच्छतागृह किती लांब आहे, याची चौकशी करावी. अर्ध्या दिवसाला एकच मुख्य ठिकाण ठेवावे. दोन दिवसांत चार ठिकाणे निवांतपणे होतात आणि माझ्या मते तेवढी पुरतात.

गणेशोत्सवाचे दिवस आणि ज्येष्ठ-आषाढात पालख्यांचा पुण्यातील मुक्काम शक्यतो टाळावा, कारण त्या काळात पेठांतील अनेक रस्ते वाहनांसाठी बंद असतात आणि गर्दीत बराच वेळ उभे राहावे लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम असला, तरी सकाळच्या थंडीत सांधे आखडतात. त्यामुळे नऊच्या आधी कोणालाही बाहेर काढू नये. मुक्काम डेक्कन किंवा शिवाजीनगर भागात असल्यास फिरणे सोयीचे जाते. खोली ठरवताना कमोडची सोय विचारावी आणि लिफ्टपर्यंत पोहोचायला किती पायऱ्या चढाव्या लागतात, हेही विचारून घ्यावे, कारण लिफ्ट असलेल्या कित्येक इमारतींत तिच्या आधीच पाच-सहा पायऱ्या असतात.

पहिल्या दिवशी सकाळी शनिवारवाडा पाहावा. 1732 मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्याचा मुख्य भाग 1828 च्या आगीत जळाला. आत आता प्रामुख्याने जोती, कारंजी आणि बाग उरली आहे. सावली कमी असल्याने टोपी किंवा छत्री जवळ ठेवावी आणि नगारखान्याचा उंच जिना सरळ वगळावा, कारण दिल्ली दरवाजाची भव्यता खालूनच अधिक जाणवते. तेथून कसबा गणपती जवळच आहे. दगडूशेठ गणपतीच्या रांगेत उभे राहणे झेपत नसेल, तर रस्त्यावरूनही मूर्तीचे दर्शन होते.

दुपारी एक ते चार या वेळेवरून पुणेकरांची पुष्कळ थट्टा होते, परंतु ज्येष्ठांच्या सहलीत हीच वेळ सर्वांत मोलाची आहे. जेवण, औषधे आणि वामकुक्षी झाल्याशिवाय संध्याकाळचा बेत आखू नये. ऊन उतरल्यावर सारसबागेत जावे. तेथे तळ्यातल्या गणपतीचे दर्शन होते आणि बसायलाही भरपूर जागा मिळते.

दुसऱ्या दिवसाची सकाळ आगाखान पॅलेससाठी राखून ठेवावी. तिसरे आगाखान यांनी 1892 मध्ये बांधलेल्या या वास्तूत ऑगस्ट 1942 पासून गांधीजींना स्थानबद्ध ठेवले होते. येथेच 15 ऑगस्ट 1942 रोजी महादेवभाई देसाई आणि 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबा यांचे निधन झाले. आवारात दोघांच्या समाध्या आहेत. लहानपणी घरात या काळाच्या आठवणी ऐकलेली मंडळी येथे बराच वेळ रेंगाळतात, त्यामुळे घड्याळ दाखवून त्यांना घाई करू नये.

दुपारनंतर राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तूंचा हा संग्रह ज्येष्ठांना फार जवळचा वाटतो, कारण यांतले कितीतरी नमुने त्यांनी प्रत्यक्ष वापरलेले असतात. वरचे मजले जिन्याने चढावे लागत असल्याने ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालची दालने सावकाश पाहावीत.

प्रवासासाठी उंच पायदानाच्या मोठ्या गाडीपेक्षा साधी, बुटकी मोटार बरी. सप्टेंबर 2024 पासून कसबा पेठ आणि मंडई येथे भुयारी मेट्रो सुरू झाली आहे आणि स्थानकांत लिफ्टची सोय आहे. मात्र स्थानकात शिरण्यापूर्वी लिफ्ट कोणत्या दाराशी आहे ते विचारून घ्यावे, म्हणजे फेरा वाचतो. औषधांची पिशवी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पाण्याची बाटली मोठ्या सामानात न टाकता हाताशी ठेवावी.

पर्वतीचा आग्रह मात्र कोणीतरी धरतेच. पायऱ्या रुंद आणि सुकर असल्या, तरी त्या शंभराहून अधिक आहेत. तेव्हा कोण चढणार आणि न चढणाऱ्यांसोबत खाली कोण थांबणार, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे.