गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाला तोंडाने औषध कसे द्यावे

लकवा किंवा कंपवात झालेल्या माणसाला गोळी गिळताना ठसका लागू लागला की घरची मंडळी ती कुटून चमचाभर पाण्यात कालवून देतात. काळजीपोटीच हे होते, तरी त्यात धोका आहे, कारण श्वासनलिकेत गेलेल्या घोटाने न्यूमोनिया होऊ शकतो.

रुग्ण पूर्ण जागा असावा. झापड असेल, लाळही गिळता येत नसेल, तर तोंडात काही घालू नये, डॉक्टरांना कळवावे. त्याला ताठ बसवावे आणि हनुवटी किंचित खाली ठेवावी. बाजेची सुंभ सैल असली की कंबर खचते व मान मागे कलते, म्हणून टेकू असलेली खुर्ची बरी. देणाऱ्यानेही समोर बसावे. उभे राहून दिल्यास रुग्ण मान वर करतो आणि नेमके तेच टाळायचे असते.

गोळी कुटण्याआधी मात्र विचारलेच पाहिजे. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर किंवा सीआर असलेली गोळी औषध हळूहळू सोडते. मधुमेहाची मेटफॉर्मिन एसआर अशीच आहे. ती कुटली की तासन्‌तास पुरायचे औषध एकदम अंगात उतरते. पित्तावरच्या पॅन्टोप्रॅझोल गोळीवरचे आवरण फुटले तर जठरातील आम्ल औषधच निकामी करते, आणि संधिवातावर दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटची भुकटी हाताळणाऱ्यालाही अपायकारक असते. म्हणून पाकीट घेऊन मेडिकलवर जावे, पातळ औषध किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते का ते पाहावे आणि बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. कंपवाताची लेवोडोपा तर परस्पर बंद करूच नये, कारण ती चुकली की गिळणे आणखी अवघड होते.

पुष्कळ रुग्णांना घट्ट पदार्थापेक्षा साधे पाणीच जास्त ठसका आणते, कारण ते घशात झरकन उतरते. किती घट्ट द्यावे, हे गिळण्याची तपासणी करून ठरते. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या शासकीय रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवावे. गोळी दह्यात कालवण्याची सवय सर्रास आहे, पण सिप्रोफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविके व लोहाच्या गोळ्या दूध-दह्यासोबत नीट शोषल्या जात नाहीत.

एका वेळी एकच गोळी द्यावी. गिळून झाल्यावर रुग्णाला बोलते करावे. आवाज घोगरा, ओलसर वाटला तर पुढचा घोट थांबवावा. लकवा झालेल्या बाजूच्या गालात गोळी अडकून राहते व रुग्णाला ते कळतही नाही, म्हणून बॅटरीच्या उजेडात तोंड पाहावे. पुढे किमान 30 मिनिटे त्याला आडवे करू नये. श्वास कोंडला, ओठ निळे पडले तर तत्काळ 108 ला फोन करावा. ताप किंवा कफाचा खोकला सुरू झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.