किरणोत्सारी माल नेणारी गाडी रस्त्यात गळू लागली तर या चुका टाळा

सोलापूरला चारी बाजूंनी रस्ते येऊन मिळतात. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५, तुळजापूर आणि विजयपूरला जोडणारा ५२, सांगलीकडून येणारा १६६. उसाच्या ट्रॉल्या, सिमेंटचे बल्कर, दुधाचे टँकर यांच्या गर्दीत एखादी गाडी अशीही असू शकते, जिच्या पाटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगात तीन पात्यांचं काळं चिन्ह आणि खाली ७ हा आकडा असतो. म्हणजे आत किरणोत्सारी माल आहे.

हा माल कसला, याबद्दल आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे अणुवीज केंद्रातला कमी तीव्रतेचा कचरा साधारणपणे त्याच केंद्राच्या आवारात खास बांधलेल्या जागी ठेवला जातो. रस्त्यावरून लांब पल्ल्याला जातात ते मुख्यतः कॅन्सर रुग्णालयातले वापरून झालेले कोबाल्टचे स्रोत (म्हणजे किरण बाहेर टाकणारे तुकडे), कारखान्यांतल्या मोजमाप यंत्रांमधले सीझियमचे तुकडे, वेल्डिंग तपासणारे इरिडियमचे कॅमेरे आणि थायरॉइडच्या उपचारांसाठीचं आयोडीन. वापर संपलेला स्रोत नियमाप्रमाणे पुरवठादाराकडे किंवा मान्यताप्राप्त विल्हेवाट केंद्राकडे परत जायला हवा, आणि तो जातो रस्त्यानेच.

अपघात झाला तर तज्ज्ञ येणार कुठून? अणुऊर्जा नियामक मंडळ आणि भाभा अणुसंशोधन केंद्र मुंबईत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ५ वी बटालियन पुण्यापलीकडे सुदुंबऱ्याला. कितीही घाई केली तरी काही तास जाणारच. तेवढा वेळ प्रसंग ड्रायव्हर, ढाबेवाला, हायवे पोलीस, अग्निशमनचे जवान आणि १०८ चे डॉक्टर यांच्या हातात असतो. चुका होतात त्या याच वेळात, म्हणून हा लेख त्यांच्यासाठी आहे.

ओलं दिसलं की गळती, काटा हलला की गळती

सगळ्यात सुरुवातीची आणि सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी चूक हीच. गाडीखाली थेंब पडताहेत म्हणजे किरणोत्सारी द्रव गळतोय असं नाही. डिझेल असेल, रेडिएटरचं पाणी असेल. खोक्याचा पृष्ठभाग ओलसर दिसला तरी तेवढ्यावरून आतलं भांडं फुटलं असं म्हणता येत नाही. द्रव माल ज्या ‘टाइप ए’ पॅकेजमधून जातो, त्यात बहुधा आतल्या द्रवाच्या दुप्पट द्रव पिऊन टाकेल एवढा शोषक पदार्थ भरलेला असतो. कोबाल्ट किंवा इरिडियम तर धातूच असतो आणि पोलादी कुपीत बंद असतो. तो ठिबकत नाही. त्याचा धोका वेगळा: भोवतालचं शिशाचं जाड आवरण फाटलं किंवा कुपी बाहेर पडली तर किरण थेट अंगावर येतात, आणि तेव्हा जमिनीवर ओल दिसतच नाही. म्हणून गाडीखाली कोरडं आहे, एवढ्यावर निश्चिंत होणंही तितकंच चुकीचं.

मीटरच्या बाबतीतही तसंच. किरण मोजणारा सर्व्हे मीटर घेऊन कुणी जवळ गेलं आणि आकडा वाढला की लगेच ‘फुटलंय’ अशी ओरड होते. पण धडधाकट पॅकेजमधूनही थोडे किरण बाहेर येतच असतात आणि नियमाला ते मान्य आहे. पॅकेजच्या पिवळ्या लेबलवर ‘ट्रान्सपोर्ट इंडेक्स’ म्हणून एक आकडा लिहिलेला असतो. त्याला १० ने गुणा. एक मीटर अंतरावर मीटरने तासाला साधारण तेवढे मायक्रोसीव्हर्ट (अंगावर येणाऱ्या किरणांचं माप) दाखवायला हवेत. इंडेक्स २ असेल तर २०. मीटरवर २५ आले तर घाबरायचं कारण नाही. हजार आले तर आवरणाला इजा झाली आहे, मागे फिरा. सर्वसाधारण वाहतुकीत गाडीच्या बाजूपासून दोन मीटरवर तासाला ०.१ मिलिसीव्हर्ट, म्हणजे १०० मायक्रोसीव्हर्ट, ही मर्यादा असते. हा हिशोब पोलिसांच्या आणि अग्निशमनच्या प्रत्येक प्रशिक्षणात शिकवला जावा असं मला कळकळीने वाटतं, कारण मीटर हातात देऊन त्याचा अर्थ न सांगणं धोक्याचं आहे.

मीटर गाडीपाशी पोचल्यावर चालू करू नका. लांबूनच चालू करा आणि आकडा बघत पुढे या. काही गायगर मीटर अतितीव्र किरणांत गुदमरतात आणि शून्य दाखवतात. जवळ जाऊन चालू केला, शून्य दिसलं आणि माणूस बिनधास्त पुढे गेला, यापेक्षा वाईट काही नाही. मोबाइलवरच्या ‘रेडिएशन मोजा’ छाप ॲपवर तर मुळीच विसंबू नका.

जवळ जाऊन ‘नेमकं काय झालंय’ ते बघणं

मोहोळ असो की बोरामणी, हायवेवर ट्रक उलटला की पाच मिनिटांत शंभर माणसं जमतात. कुणी मदतीला, कुणी व्हिडिओ काढायला, कुणी सांडलेला माल उचलायला. इथे अंतर हेच औषध आहे. स्रोतापासून एक मीटरवर जेवढे किरण अंगावर येतात, त्याचा शंभरावा भाग दहा मीटरवर येतो.

पाटी लांबून वाचा. नाही वाचता आली तर मोबाइलचा कॅमेरा झूम करा. यूएन अक्षरांपुढचा चार आकडी क्रमांक टिपून ठेवा, २९१५ किंवा २९१६ असा काहीतरी असेल. फोन लावल्यावर समोरचा अधिकारी तो आधी विचारेल.

घेरा किती मोठा हवा? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मदतकर्त्यांसाठी सांगितलेली अंतरं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पॅकेज फुटलंय किंवा स्रोत उघडा पडल्याचा संशय असेल तर चहूबाजूंनी ३० मीटर. बराच माल सांडला असेल तर १०० मीटर. आग, धूर किंवा स्फोट असेल तर ३०० मीटर. नंतर मीटर आला की जिथे तासाला १०० मायक्रोसीव्हर्ट दिसतील तिथे घेरा नव्याने आखायचा. तोवर दोरी, बॅरिकेड, काहीच नसेल तर पोलिसांची गाडी आडवी. वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूला उभं राहायचं. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे वावटळी उठतात, वारा दिशा बदलतो. दर थोड्या वेळाने तो तपासत राहा. झाडाच्या फांदीला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी पुरते.

ड्रायव्हर शुद्धीवर असेल तर त्याला आधी गाठा. केबिनमध्ये ‘ट्रेमकार्ड’ हे आपत्कालीन माहितीचं कार्ड आणि मालाची कागदपत्रं असतात. पाठवणाऱ्याचा संपर्क क्रमांक त्यातच मिळतो. पण जमावाच्या भीतीने ड्रायव्हर बरेचदा पळतो. जमलेल्या लोकांना माझी विनंती आहे, त्याला हात लावू नका. त्या क्षणी आत काय आहे हे ठाऊक असलेला तो एकटाच माणूस असतो.

जखमीला ‘किरणोत्सारी’ समजून तसंच सोडणं

ही चूक जीव घेते. केबिनमध्ये अडकलेल्या क्लीनरच्या मांडीतून रक्त वाहतंय आणि पाटी बघून सगळे लांब उभे आहेत. किरणांनी त्याचं काय व्हायचं ते दिवसांनी, आठवड्यांनी कळेल. रक्तस्राव त्याला अर्ध्या तासात संपवेल. आधी जीव, मग मोजमाप, हा जगभर मान्य असलेला क्रम आहे.

यामागचा फरक समजून घ्या. शेकोटीची धग लागणं वेगळं आणि राख अंगाला चिकटणं वेगळं. धग लागलेला माणूस दुसऱ्याला भाजत नाही. तसंच किरण अंगावर पडलेला माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही, त्याला शिवल्याने कुणाला काही होत नाही. राख चिकटली असेल, म्हणजे सांडलेला पदार्थ कपड्यांना लागला असेल, तर ती झटकून पसरू द्यायची नाही, एवढीच काळजी घ्यायची.

आत जाणाऱ्याने हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. गाडीच्या दहा मीटरच्या आत कमीत कमी वेळ थांबायचं, पॅकेजला किंवा सांडलेल्या कशालाही हात लावायचा नाही. मीटर असेल आणि तासाला १०० मिलिसीव्हर्टच्या वर जात असेल, तर जीव वाचवण्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही कामासाठी पुढे पाऊल टाकायचं नाही. आत असताना तंबाखू, गुटखा, बिडी, पाणी, काहीही तोंडात नको. तोंडाकडे हातच न्यायचा नाही. हे आपल्याकडे फार बजावून सांगावं लागतं.

जखमीला बाहेर आणलं की वरचे कपडे कापून काढा. किरणोत्सारी धूळ लागलेली असेल तर वरचे कपडे काढल्यानेच तिचा बहुतेक भाग, सुमारे ९० टक्के, निघून जातो. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, चिठ्ठी लावा, बाजूला ठेवा. माणसाला चादरीत गुंडाळा आणि १०८ च्या गाडीतून सिव्हिलला न्या. निघतानाच तिथे फोन करून सांगा, म्हणजे वेगळ्या दाराची सोय होईल. रुग्णालयानेही ‘आधी डिकॉन्टॅमिनेशन (अंगावरचा किरणोत्सारी पदार्थ काढणं) करून आणा’ म्हणून गंभीर रुग्णाला दारात अडवू नये. हातमोजे, मास्क, गाऊन घातलेल्या डॉक्टर-नर्सना अशा रुग्णापासून असणारा धोका अगदी थोडा असतो.

जे चालत-बोलत आहेत त्यांना कोमट पाणी आणि साबण पुरेसा. खसाखसा घासू नका, कातडी सोलली तर पदार्थ आत शिरतो.

पाइप सोडून रस्ता ‘स्वच्छ’ करणं

रस्त्यावर काही सांडलं की बंबाने धुऊन टाकायचं, ही सवय इथे महागात पडते. पाण्याने किरणोत्सार नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतो. तुळजापूर रस्त्याला तर हिप्परग्याचा तलाव जवळच आहे. पावसाळ्यात चर भरलेले असले की धुतलेलं पाणी कुठवर जाईल सांगता येत नाही.

आग लागलेली असेल तर गोष्ट वेगळी. ती विझवायलाच हवी, पण मोठ्या धारेऐवजी फवारा मारावा, लांबून, वाऱ्याच्या वरच्या बाजूने. वाहून जाणारं पाणी मातीचा बांध घालून अडवावं. जे मजबूत पिंप मोठे स्रोत नेतं, त्या ‘टाइप बी’ला ९ मीटरवरून टाकून आणि ८०० अंशांच्या आगीत ३० मिनिटं ठेवून पारखण्याची अट असते. म्हणजे ट्रक पेटला तरी पिंप टिकण्याची शक्यता मोठी आहे. पिंप बाजूला ओढायला मात्र जाऊ नका.

आग नसेल तर सांडलेल्या द्रवावर कोरडी माती किंवा वाळू टाका, वरून ताडपत्री झाका म्हणजे वाऱ्याने उडणार नाही. रस्त्याकडेला काळी माती हवी तेवढी मिळते, फक्त ती घेऱ्याबाहेरची घ्या. आणि ती टाकायलाही मीटर असलेला, हातमोजे-मास्क घातलेला एकच माणूस जाऊ द्या.

चमकदार, जड, किमती दिसणारा तुकडा उचलणं

ब्राझीलच्या गोइयानियात १९८७ साली बंद पडलेल्या दवाखान्यातलं यंत्र भंगारात गेलं. आतली सीझियमची पावडर अंधारात निळी चमकत होती, लोकांनी ती कौतुकाने घरोघरी वाटली. चौघांचा जीव गेला, एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगार बाजारात कोबाल्ट पोचलं आणि एकाचा मृत्यू झाला. डिसेंबर २०१३ मध्ये मेक्सिकोत रुग्णालयातला जुना कोबाल्ट स्रोत कचरा केंद्राकडे नेणारा ट्रकच चोरीला गेला. चोरांना आत काय आहे याचा पत्ता नव्हता, आवरणातून काढलेला स्रोत पुढे शेतात सापडला.

शिसं जड असतं, किलोवर विकलं जातं. अपघातानंतर पॅकेजांची संख्या कागदपत्रांशी जुळत नसेल, तर पोलिसांनी पहिली खबर भंगारवाल्यांना द्यावी. दटावून नव्हे, विश्वासात घेऊन. आणलेली वस्तू परत देणाऱ्यावर कारवाई होणार नाही असं सांगितलं तरच ती परत येते. तुकडा छोटा असू शकतो: जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात गाडीतून पडलेली सीझियमची कुपी जेमतेम ८ मिलिमीटर उंच होती. सुमारे १४०० किलोमीटरच्या रस्त्यावर शोध घेऊन ती सापडली.

माणसांना नुसतंच पांगवणं

घेरा टाकताना पोलीस लाठी आपटतात, गर्दी घरी जाते, आणि संध्याकाळी तज्ज्ञ आल्यावर विचारतात, जवळ कोण कोण होतं? उत्तर नसतं. हाकला जरूर, पण वाऱ्याच्या वरच्या बाजूला एका जागी थांबवा. नाव, गाव, मोबाइल, किती जवळ आणि साधारण किती वेळ होता, एवढं एका वहीत लिहून घ्या. मेंढरं घेऊन गेलेला धनगर, मदतीला उतरलेले एसटीचे प्रवासी, क्रेनवाला, सगळे त्यात हवेत.

भोंग्यावरून सांगायचं ते मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत आणि हिंदीतही सांगा. अक्कलकोट बाजूला कन्नड कानावर पडलं तर म्हातारी माणसंही ऐकतात, पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगू चालते. कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवर लाखो लोक पायी चालत असतात, तेव्हा तर एका चुकीच्या व्हॉट्सॲप मेसेजने चेंगराचेंगरी होईल. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाने पहिल्या तासातच एकच अधिकृत निवेदन काढावं. त्यात काय झालं, कुणी कुठे थांबायचं आणि पुढची माहिती किती वाजता, इतकंच असलं तरी चालेल.

आयोडिनच्या गोळ्यांसाठी मेडिकलपुढे रांगा लावू नका. त्या फक्त किरणोत्सारी आयोडिनापासून थायरॉइडला वाचवतात. कोबाल्ट, सीझियम, इरिडियमपुढे त्यांचा उपयोग शून्य, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेतल्या तर अपायच.

रस्ता खुला करण्याची घाई

दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोमीटर रांगा लागल्या की वरून फोन येऊ लागतात. क्रेनने ट्रक बाजूला घ्या, एक लेन सोडा. हे करू नये. फुटलेलं पॅकेज हलवलं की सांडलेलं पसरतं, आणि त्यावरून गेलेलं प्रत्येक चाक ते पुढच्या गावात नेतं. वाहतूक लांबूनच वळवा. ट्रक उचलण्याआधी, उचलल्यावर आणि रस्ता सोडण्याआधी अशी तीनदा मोजणी व्हावी, आणि रस्ता सुरक्षित असल्याचं तज्ज्ञांकडून लेखी घ्यावं.

क्रेन, स्ट्रेचर, अँब्युलन्स, जवानांचे बूट यांचीही तपासणी घेऱ्याच्या कडेलाच करा, ठाण्यात परतल्यावर नाही. शेजारच्या रानातली ज्वारी, कडबा, विहिरीचं पाणी यांचे नमुने तपासून निकाल येईपर्यंत शेतकऱ्याला थांबायला सांगावं लागेल. त्या थांबण्याची भरपाई कोण देणार, हे त्याला त्याच दिवशी, त्याच्या बांधावर उभं राहून सांगा.