विजापूर बघायला जाताय? या चुका टाळा

सोलापूरहून बदामी-हंपीकडे निघालेल्या बहुतेक मराठी गाड्या विजापुरात दीड-दोन तासच थांबतात. गोल घुमट, जेवण, की पुन्हा रस्ता. जवळपास दोनशे वर्षं आदिलशाहीची राजधानी असलेलं शहर, ज्याच्या दरबारात आपल्या सतराव्या शतकातल्या कितीतरी गोष्टी ठरल्या ते शहर, असं वाटेत उरकलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. सोलापूरपासून अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. किमान एक मुक्काम ठेवाच, दोन जमले तर उत्तम. बाकीच्या बहुतेक चुका मुक्काम नसल्यामुळेच होतात.

बुकिंग भलत्याच गावाचं

२०१४ साली शहराचं अधिकृत नाव विजयपुरा झालं. मोबाइलवर ‘बिजापूर’ शोधलं तर छत्तीसगडमधला जिल्हा समोर येतो, ‘विजयपुरा’ टाकलं तर बंगळूरजवळ देवनहळ्ळी तालुक्यातलं त्याच नावाचं गाव, आणि ‘विजापूर’ म्हणाल तर गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातही एक आहे. खोलीचे पैसे भरण्याआधी राज्य आणि पिनकोड तपासा. शहराचा पिनकोड ५८६१०१. रस्त्यावर वाट विचारताना गोल घुमटाचं नाव घ्या, म्हणजे गोंधळ होत नाही.

गोल घुमटावर अकरानंतर जाणं

सगळ्यात जास्त निराशा इथेच पदरी पडते. ‘कुजबुजसुद्धा पलीकडे ऐकू येते’ असं ऐकून लोक चढतात, आणि वर शाळेच्या सहलीतली शंभर मुलं एकाच वेळी ओरडत असतात. मग कुणालाच काही ऐकू येत नाही. उपाय एकच: भल्या सकाळी, दार उघडताच आत जा. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यांमधले जिने अरुंद आहेत आणि पायऱ्या उंच. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी घाई न करता, मजल्यामजल्यावर थांबत चढावं.

घुमटाच्या आतल्या सज्जात पोचलात की लगेच ओरडू नका. दोघांनी बरोबर समोरासमोरच्या टोकांना बसायचं. बोलणाऱ्याने तोंड भिंतीकडे करून भिंतीच्या अगदी जवळ हळू बोलायचं, ऐकणाऱ्याने कान भिंतीशी न्यायचा. आवाज वक्र भिंतीला धरून सरकतो, म्हणून अडतीस मीटरवरचा माणूस शेजारी बसून बोलल्यासारखा ऐकू येतो. मधल्या पोकळीकडे तोंड करून मोठ्याने बोललात तर नुसता घोंगाट होतो. टाळीसुद्धा एकच वाजवा आणि ती पूर्ण विरेपर्यंत थांबा, तरच प्रतिध्वनी मोजता येतात. गर्दी झालीच असेल तर खाली उतरू नका. एक सहल उतरून दुसरी चढेपर्यंत मध्ये थोडी शांतता मिळते, तेवढी पुरते.

हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट, असं अनेकजण सांगतात. ते बरोबर नाही. रोमचं पँथिऑन, फ्लॉरेन्सचं कॅथीड्रल आणि सेंट पीटर्स हे तिन्ही व्यासाने मोठे आहेत आणि गोल घुमटाच्या आधीचे आहेत. पण म्हणून याचं मोल कमी होत नाही. खाली मधोमध उभं राहून वर बघा. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायला आठ कमानी एकमेकींना छेदत वर गेल्या आहेत. दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवावेत तशी ती मांडणी आहे. त्या छेदांमधूनच चौकोनाचा अष्टकोन होतो आणि अष्टकोनावर वर्तुळ येऊन बसतं. मध्ये एकही खांब नाही. चौथऱ्यावर दिसतात त्या फक्त प्रतिकृती, मुहम्मद आदिलशहाची आणि त्याच्या कुटुंबाची खरी थडगी खाली तळघरात आहेत.

समोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. तुमचा एकच दिवस असेल आणि तो शुक्रवार असेल तर बेत बदला, कारण त्या दिवशी दुपारच्या नमाजाच्या वेळी जामा मशिदीतही पर्यटक म्हणून जाणं बरं नाही.

शहर उलटसुलट हिंडणं

रिक्षावाला नेईल तिकडे जायचं, हा वेळ घालवण्याचा हमखास मार्ग. गोल घुमट तटबंदीच्या आत पूर्व टोकाला, इब्राहिम रोजा म्हणजे दुसऱ्या इब्राहिमची कबर पश्चिमेला तटाच्या बाहेर. दोन्हींमध्ये साधारण चार किलोमीटर, आणि मोठ्या वास्तू बहुतेक या दोहोंच्या मध्ये. म्हणून पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जा: जामा मशीद, मेहतर महाल, आसार महाल, अर्क किल्ल्यातला, म्हणजे आतल्या बालेकिल्ल्यातला, गगन महाल, बारा कमान, उपली बुरूज, मलिक-ए-मैदान, जोड घुमट, ताजबावडी आणि शेवटी उतरत्या उन्हात इब्राहिम रोजा. सकाळी गोल घुमटाच्या गच्चीवरून हाच सगळा पट्टा दिसतो. तिथेच बोट दाखवून जागा ओळखून घेतल्या की दिवसभर नकाशा लागत नाही.

उन्हाळ्यात भर दुपारी हे करू नका. जिथे चपला काढाव्या लागतात तिथे फरशी पाय भाजते, जाड मोजे जवळ ठेवा. तो वेळ जेवणाला द्या. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे तेलातली भरली वांगी, आणि शेंगाचटणी. सोलापूरच्या माणसाला घरचंच ताट वाटेल.

मलिक-ए-मैदान तोफेपाशी लोक फोटो काढून निघतात. जरा वाका. तोंडावर सिंहाचा जबडा आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडलेला. पंचावन्न टनांची ही तोफ १५४९ साली अहमदनगरात मुहम्मद बिन हुसेन रूमीने ओतली, म्हणजे ती मुळात निजामशाहीची. परंड्याच्या किल्ल्यावरून आदिलशाही सरदार मुरार पंडिताने १६३२ साली ती इथे आणली. अंगावरचे लेख शोधा. ओतणाऱ्याचा लेख आहे, आणि विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरवलेलाही आहे. तीन सत्तांचा इतिहास एकाच धातूवर, दोन हातांच्या अंतरात.

दोन अली आणि दोन इब्राहिम एकच समजणं

राजांची नावं एकमेकांत मिसळली की सगळं शहर एकसारखं वाटू लागतं. एवढं लक्षात ठेवा. पहिल्या अलीने (१५५८–१५८०) तटबंदी, जामा मशीद आणि गगन महाल उभारला. दुसरा इब्राहिम (१५८०–१६२७) संगीतवेडा, त्याचा इब्राहिम रोजा. मुहम्मदचा (१६२७–१६५६) गोल घुमट. दुसऱ्या अलीची (१६५६–१६७२) अपुरी राहिलेली कबर म्हणजे बारा कमान. शेवटचा सिकंदर. त्याने सप्टेंबर १६८६ मध्ये औरंगजेबापुढे शरणागती पत्करली आणि राज्य संपलं.

आता यात आपल्या ओळखीचं साल घाला. १६३६ नंतर शहाजीराजे मुहम्मदच्याच चाकरीत होते. १६४८ मध्ये जिंजीजवळ त्यांना कैद करून विजापुरात आणलं, तेही याच राजाच्या काळात. शिवाजी महाराजांनी जावळी घेतली जानेवारी १६५६ मध्ये, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुहम्मद वारला. गादीवर दुसरा अली आला, पण कारभार मुहम्मदच्या बेगमेच्या, बड्या साहेबिणीच्या हाती. अफझलखान निघाला तो तिच्या दरबारातून. हे डोक्यात ठेवून गगन महालाच्या त्या साठ फुटी कमानीखाली उभे राहा, जागेचा अर्थच बदलतो.

दंतकथांवरच समाधान मानणं

बारा कमानीची सावली गोल घुमटावर पडेल म्हणून बांधकाम थांबवलं, असं हमखास सांगतात. दोन्हींमधलं अंतर पाहिलं तर हे पटत नाही. दुसऱ्या अलीच्या काळात राज्याला उतरती कळा लागली होती, आणि तो गेल्यावर काम पुढे नेणारं कुणी उरलं नाही. गोष्टी ऐका, पण वास्तू बघताना त्या बाजूला ठेवा.

इब्राहिम रोजाला मात्र गोष्टींची गरजच नाही. वास्तुकार मलिक संदल. एका चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद. दाराशेजारच्या खिडक्यांजवळ जाऊन बघा: जाळी म्हणून जी दिसते ती दगडात आरपार कोरलेली अक्षरं आहेत, आणि उजेड त्या अक्षरांमधून आत येतो. मशिदीच्या छज्ज्याला लोंबणाऱ्या दगडी साखळ्यांसाठी मान वर करा. इथे तासभर ठेवा.

पाणी आणि तटाबाहेरचं शहर सोडून देणं

एवढी वस्ती या कोरड्या मुलखात कशी जगली, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. तोरवीकडून भुयारी कालव्याने आणि बेगम तलावातून मातीच्या नळांनी पाणी येई, आणि वाटेत दाब आवरण्यासाठी उंच मनोरे बांधलेले. असे काही मनोरे अजून उभे आहेत, रस्त्याकडेला दिसले की ओळखा. ताजबावडी १६२० सालची. पाण्यावरची तिची भव्य कमान बघितल्याशिवाय जाऊ नका.

दुसरा दिवस असेल तर तोरवीला जा. दुसऱ्या इब्राहिमने तिथे नौरसपूर नावाची नवी राजधानी मांडली होती. भातवडीच्या लढाईनंतर, १६२४ साली, निजामशाहीच्या मलिक अंबरने ती उद्ध्वस्त केली. त्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले होते. आज संगीत महालाचे अवशेष उरले आहेत. अफझलखानाने स्वतःसाठी बांधायला घेतलेली कबर आणि ‘साठ कबर’ नावाचा चौथरा याच बाजूला, शहराच्या पश्चिमेला. चौथऱ्यावर साठहून अधिक थडगी ओळीत आहेत. स्वारीवर निघताना खानाने बायकांना मारलं अशी लोककथा त्यांच्याबद्दल सांगतात. खान स्वतः तिथे नाही, त्याची कबर प्रतापगडाखाली. वाट शेतांमधून जाते आणि पाट्या फारशा नाहीत, म्हणून रिक्षा जाण्यायेण्यासाठी आणि थांबण्यासाठी आधीच ठरवा, पाणी बरोबर घ्या आणि दिवस मावळायच्या दोन तास आधी निघा.