ओढ्याच्या पाण्यातून किती वीज निघेल ते असं काढा

पावसाळ्यात घरामागचा ओढा धो धो वाहताना बघितला की टर्बाइन बसवायचा विचार येतोच, पण खर्चाला हात घालायच्या आधी दोन आकडे काढा, पाणी किती मीटर खाली पडतंय आणि सेकंदाला किती लिटर येतंय. लिटर गुणिले मीटर गुणिले 9.81, उत्तर वॅटमध्ये, बस.

आधी पाणी मोजा. दगडमातीचा छोटा बांध घालून सगळं पाणी एका पाईपातून बादलीत सोडा आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावा, 15 लिटरची बादली 3 सेकंदांत भरली तर 5 लिटर. बादलीत मावणारच नाही इतकं पाणी असेल तर ओढ्याचा सरळ वाहणारा 5 मीटरचा पट्टा बघा, त्यात काहीतरी तरंगतं सोडून सेकंदाला किती मीटर जातं ते काढा, मग रुंदी गुणिले सरासरी खोली गुणिले हा वेग, सगळं मीटरमध्ये, आणि 1000 ने गुणलं की लिटर. पण वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं म्हणून शेवटी 0.7 ने गुणा, हे खूप जण विसरतात.

उंचीसाठी गवंड्याची लेव्हलची नळी (पाणी भरलेली पारदर्शक नळी) सगळ्यात भारी, टप्प्याटप्प्याने खाली येत बेरीज करायची. मोबाईलच्या जीपीएसवर अजिबात जाऊ नका, 20 मीटरच्या मापात तो कितीही चुकतो. आणि उंचीचं मोल फार आहे हो, कोयना मुळात पूर्वेकडे कृष्णेला जाऊन मिळणारी नदी, तरी तिचं पाणी पश्चिमेला कोकणाच्या अंगाला सोडून वीज करतात ते सह्याद्रीच्या त्या उतारासाठीच.

आता 5 लिटर आणि 20 मीटर धरा, 981 वॅट. हे सगळं हातात येत नाही, टर्बाइन, जनरेटर, वायर यात जातं, छोट्या सेटला निम्मं धरा, म्हणजे 490 वॅट. कमी वाटतं ना? पण चोवीस तास चाललं तर दिवसाला जवळपास 12 युनिट होतात!

पाईपात मात्र कंजुषी नको. याच 5 लिटरला 100 मीटर दोन इंची पाईप टाकला तर 20 पैकी साधारण 11-12 मीटर घर्षणातच जातात, चार इंचीत अर्धा मीटरसुद्धा जात नाही.

आणि माप एकदाच घेऊन थांबू नका, दर महिन्याला घ्या, शिमग्यानंतर तर नक्कीच, कारण आपल्याकडचे कितीतरी ओढे तेव्हा आटायला लागतात. बारमाही वीज हवी असेल तर सगळ्यात कमी आलेला आकडाच हिशोबात धरा, त्यातलंही थोडं पाणी ओढ्यात वाहतं ठेवा, खाली गुरं आणि मासे असतात.